शेवईएवढा दोरा

मला म्हणाले, नोल्फा, दोन शब्द बोल,
बाईंच्या नावाची पाटी लागतेय दारावर.
मी काय बोलणार?
एकवीस वर्षं मी इथली काचेची भांडी विसळली.
शेवटचा हात नेहमी समुद्राच्या पाण्याचा.
गोड्या पाण्यानं नस मरते, हे पहिल्याच दिवशी
बाईंनी शिकवलं. ओरडून नव्हे,
एक नस माझ्यासमोर मरू देऊन.

पुंता लोबेराला तेव्हा धड रस्ता नव्हता.
सान्तियागोहून मासळीच्या रिकाम्या ट्रकमधून आल्या
इर्मेलिंडा ओयार्सून,
मांडीवर लाकडी खोकं, बाळासारखं धरलेलं.
आम्हाला वाटलं, शाळेवर नवी मास्तरीण.
दुसऱ्या पहाटे बघतो तर धक्क्यावर
माझ्या काकाशी माकुळाचा भाव करतायत.
माणसाएवढं माकूळ.
"मांस किती हवं?" काका बाउदिलियो.
"मांस तुमचं. मला आतला एक दोरा हवा."
घरी येऊन काका सांगत सुटला,
अख्खा बैल विकत घेऊन
शेपटीचा केस मागणारी बाई!
हसता हसता त्याला ठसका लागला.

तो दोरा मी पाहिलाय.
शेवईएवढा, दुधट, काही विशेष नाही.
त्याची टोकं बाई रेशमानं बांधत,
श्वास रोखून; मीही रोखून,
आणि बशीतल्या गार समुद्रात निजवत.
मग खोक्यातली हिरवी रेघ
आडवी,
आडवी,
आडवी,
आणि टुणकन उडी!
माकूळ तर केव्हाच चुलीवर गेलेलं.
मी घाईनं क्रूसाची खूण केली.
बाई म्हणाल्या, "आत्ता तुझा हात कपाळाकडे गेला ना,
तेव्हा तुझ्यातही हेच झालं."
त्या रात्री मी कितीदा हात वर केला, खाली केला.
आई म्हणाली, डास आहेत का?

आणि एकदा तर त्यांनी रबरी रुळानं
नसेतला सगळा गर पिळून काढला,
उरलेल्या सालीत मिठाचं पाणी भरलं.
पोकळ साल, तरी रेघ उडाली.
बाई बूट हातात घेऊन वाळूत चालत राहिल्या,
"सालीत आहे गं सगळं! सालीत दारं आहेत,
उघडतात, मिटतात!"
मला काय कळणार,
आमच्या घराला एकच दार, तेही फुगलेलं, कधी मिटलं नाही.

परदेशातून पत्रं येत "श्रीयुत ओयार्सून" यांना.
त्यांनी कधी चूक दुरुस्त केली नाही.
तिकिटं तेवढी मला देत. माझ्याकडे आहेत, डबाभर.

मग एका वर्षी माकूळ आलंच नाही.
अकरा महिने बाई रिकामी बादली घेऊन धक्क्यावर.
संध्याकाळी माझ्याकडून शेवया उकडून घेत
आणि त्यांना रेशमाच्या गाठी मारत बसत,
बोटांनी विसरू नये म्हणून.
नंतर त्याच शेवया आम्ही खाल्ल्या,
गाठींसकट. एकदा तरी.

त्याच हिवाळ्यात काकाचं अर्धं अंग गेलं.
काकीनं निरोप धाडला, तुम्ही नसांच्या ना, या.
बाई आल्या, उंबऱ्यातच थांबल्या.
"मला एकच दोरा कळतो, तोही माकुळाचा."
पण रोज येत राहिल्या. त्याच्या मेल्या हातात
जाळ्याची सुतळी द्यायच्या, स्वतःच्या बोटांनी त्याची बोटं धरून
गाठ मारायच्या. सोडायच्या. पुन्हा.
पावसाळी एका दुपारी त्याचं तर्जनीचं टोक हललं
की बाईंच्या बोटानं हललं,
यावर त्या दोघी भांडल्या असत्या अजून,
असत्या तर.

बस, एवढंच.
नाही, थांबा. आत नवं बेसिन बसवलंय,
मी नळ सोडून जिभेवर थेंब घेतला.
गोडं पाणी आहे.
पाटीखाली लिहून ठेवा कुणीतरी:
शेवटचा हात समुद्राचा.